भीती वाटावी असे चित्रपट

“सर, एखादा चांगला भुताचा सिनेमा सांगा,” ही विनंती आम्हांला शाळेत, लग्नकार्यात आणि गणेशोत्सवाच्या मांडवामागे इतक्या वेळा झाली आहे की, तिचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटू लागले. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने, त्यातून मराठी साहित्याची पदव्युत्तर पदवी गाठीशी असलेल्याने, भुताखेतांच्या चित्रपटांवर लिहावे याचे काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. संतवाङ्मय सोडून हे काय आरंभले, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर असे की, भयाला काव्यशास्त्राच्या पंगतीत पाट मांडून बसविले ते आम्ही नव्हे, प्रत्यक्ष भरतमुनींनी.

नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांमध्ये भयानक हा एक स्वतंत्र रस आहे. त्याचा स्थायी भाव भय, वर्ण काळा आणि देवता काल. हा रस कशाकशाने उत्पन्न होतो याची जी यादी मुनींनी दिली आहे, ती वाचताना आजही कौतुक वाटते. विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य, स्वजनांच्या वधाची वा बंधनाची वार्ता. चित्रपट नावाची वस्तू जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके लिहिलेली ही यादी कोणत्याही भयपटाच्या दिग्दर्शकाने जशीच्या तशी भिंतीवर टांगावी. तिच्यात पहिले स्थान आवाजाला आहे, भूत दिसण्याला त्यानंतरचे. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. शिवाय भयानकाच्या शेजारीच, परंतु त्याहून वेगळा, बीभत्स रस सांगितला आहे. त्याची देवता महाकाल. आम्ही माळव्यातले लोक उज्जयिनीच्या महाकालाच्या छायेत राहतो, म्हणून हा भेद आम्हांला जरा अधिक आठवतो. भय वेगळे आणि किळस वेगळी. पडद्यावर रक्ताची बादली उपडी केली की प्रेक्षक तोंड फिरवितो. परंतु तोंड फिरविणे म्हणजे भिणे नव्हे.

न दिसणाऱ्या गोष्टीची भीती दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा मोठी असते, हे घराघरांतल्या आज्यांना ठाऊक होते. चित्रपटवाल्यांना ते पैशाच्या अडचणीने शिकविले. अमेरिकेत १९४२ साली ‘कॅट पीपल’ नावाचा एक लहानसा कृष्णधवल चित्रपट निघाला. निर्माते व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. एक स्त्री भावनाविवश झाली की तिचा काळा बिबट्या होतो, अशी काहीशी कल्पना. बिबट्या धडपणे दाखविण्यास लागणारा पैसा जवळ नव्हता; म्हणून त्यांनी सावल्या दाखविल्या. त्यात एका प्रसंगी दुसरी एक स्त्री रात्री निर्जन रस्त्याने चालली आहे. तिच्या टाचांचा आवाज येतो, मागून आणखी कोणाच्या तरी टाचांचा येतो, मग मागचा आवाज थांबतो. शांतता. आता काहीतरी झडप घालणार, असे वाटते न वाटते तोच फिस्कारल्यासारखा आवाज होतो आणि चौकटीत येऊन उभी राहते ती प्रवाशांची बस! प्रेक्षक खुर्चीतून उडतो आणि लगेच ओशाळतो. आजही दचकवण्याच्या या युक्तीला चित्रपटसृष्टीत ल्यूटनच्या बसचेच नाव आहे. दुर्दैव असे की, पुढील लोकांनी बस तेवढी उचलली आणि तिच्या आधीची ती शांतता मात्र रस्त्यावरच सोडून दिली.

याच ल्यूटनच्या हाताखाली ज्यांनी दिग्दर्शनाचे पहिले धडे गिरविले त्या रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली ‘द हाँटिंग’ काढला. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. (‘साउंड ऑफ म्युझिक’चे दिग्दर्शक ते हेच, हे सांगितले की आमच्या शिक्षकबंधूंचा विश्वास बसत नाही.) चित्रपट संपेपर्यंत भूत एकदाही दिसत नाही. दिसते ते एवढेच की, एक भक्कम लाकडी दार बाहेरच्या कशाच्या तरी दाबाने आत फुगत आहे. एका रात्री अंधारात घाबरलेली नायिका शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसते. दिवा लागतो, तेव्हा मैत्रीण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला असते. मग तो हात कोणाचा होता? दिग्दर्शक उत्तर देत नाही. साठ वर्षे होऊन गेली, परंतु इतक्या थोड्या सामग्रीत इतके भय निर्माण केलेला दुसरा प्रसंग आमच्या पाहण्यात नाही. परभाषेतला एकच भयपट पाहावयाचा असेल तर आम्ही हा सुचवू. आणि दुसऱ्यास सवड असेल तर १९६१ सालचा ‘द इनोसंट्स’. हेन्री जेम्स यांच्या कथेवरच्या या चित्रपटात दोन निरागस मुले आहेत व त्यांची काळजी घेणारी बाई आहे. घर झपाटलेले आहे की बाईचे मन, याचा निवाडा प्रेक्षकाने करावयाचा.

आता आवाजाकडे वळू. येथे आपल्याकडचा एक चित्रपट असा आहे की, त्याच्यापुढे परदेशाकडे पाहण्याचे कारण पडत नाही. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’, १९४९. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. नायक अशोककुमार, ज्यांचे बालपण आमच्या शेजारच्या निमाडात, खंडव्यास गेले. नायिका मधुबाला, वय अवघे सोळा. छायाचित्रकार योसेफ विर्शिंग हे जर्मनीतून बॉम्बे टॉकीजसाठी आलेले आणि येथेच राहिलेले गृहस्थ. जर्मन चित्रपटाने १९२२ साली ‘नोस्फेराटू’मध्ये जिन्यावरून चढत जाणारी नुसती सावली दाखवून जगाला घाबरविले होते; त्या देशीची छायाप्रकाशाची विद्या विर्शिंग यांच्याबरोबर यमुनाकाठच्या त्या पडक्या महालात शिरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

परंतु ‘महल’चे खरे भूत दिसत नाही, ऐकू येते. घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि कोठून तरी एक स्त्रीस्वर येतो. आरंभी ताल नाही. स्वर नुसते हवेत तरंगत राहतात. गाणारी दूर आहे, जवळ येत आहे, जवळ आली असे वाटते तोच पुन्हा हरवते. हा परिणाम साधण्यासाठी गायिका ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात हळूहळू ध्वनिक्षेपकाकडे चालत आली, ही हकीकत तिने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. ती गायिका म्हणजे आमच्या इंदूरात १९२९ साली जन्मलेल्या आणि त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या लता मंगेशकर. गाण्याची तबकडी निघाली तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’चे नाव होते. म्हणजे देशभर घरोघर जो आवाज वाजत होता त्याला देह नव्हता आणि नावही नव्हते! आकाशवाणीकडे लोकांनी पत्रे पाठविली, ही गाते कोण म्हणून. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना हे यश पाहावयास मिळाले नाही. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले.

‘महल’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.

कारण या चित्रपटाचे मर्म सांगावयाचे तर रहस्य फोडावे लागते. शेवटी कळते ते असे की भूत नव्हतेच. माळ्याची एक मुलगी होती. परंतु ते कळेपर्यंत नायकाने काय केलेले असते? त्या छायेच्या मागे लागून त्याने आपल्या विवाहित पत्नीकडे एकदाही नीट पाहिलेले नसते. ती बिचारी विष घेते आणि मरताना त्याच्यावरच आळ ठेवून जाते. भूत खोटे निघाले, बळी मात्र खरा गेला. तरुणपणी आम्ही ‘महल’ गाण्यासाठी पाहत होतो. आता पाहतो तेव्हा त्या पत्नीचाच चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

‘महल’नंतर हिंदीत झुलणारी झुंबरे, वाऱ्याने आपटणाऱ्या खिडक्या आणि पांढऱ्या साडीतल्या गाणाऱ्या स्त्रिया यांची एक परंपराच सुरू झाली. तीतली उत्तम फळे म्हणजे बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८), बीरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि राज खोसला यांचा ‘वह कौन थी?’ (१९६४). खोसलांनी साधनाला घेऊन पुढे ‘मेरा साया’ (१९६६) केला. तो मूळचा आपला. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून (१९६४) घेतलेला. आमच्या मते मूळ मराठी चित्रपट अधिक घट्ट विणीचा आहे. आमच्याकडचे पुष्कळ लोक ‘मेरा साया’ची गाणी तोंडपाठ म्हणतात आणि ‘पाठलाग’चे नावही त्यांनी ऐकलेले नसते, याचा खेद होतो.

ध्वनीच्या बाबतीत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’चा (१९६०) उल्लेख टाळता येत नाही. स्नानगृहातील खुनाचा तो प्रसंग पाऊण मिनिटाच्या आसपासचा. त्यात कितीतरी लहान लहान तुकडे जोडलेले. रक्त म्हणून वापरले ते चॉकलेटचे पातळ पाक, कारण कृष्णधवल चित्रीकरणात तेच गडद दिसते. हिचकॉक यांच्या मनात त्या प्रसंगाला संगीतच नको होते. बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांचा तो किंचाळल्यासारखा तुकडा रचून ऐकविला, तेव्हा त्यांनी आपला हट्ट सोडला. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. तो प्रसंग आवाज बंद करून पाहावा, मग केवळ आवाज ऐकावा. दोहोंपैकी कशाने काटा येतो ते स्वतःच ठरवावे.

याच हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी बोलताना एक दृष्टान्त दिला होता. काही माणसे मेजाभोवती बसून गप्पा मारीत आहेत आणि मेजाखालचा बाँब एकदम फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. परंतु मेजाखाली बाँब आहे, तो अमुक वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि माणसे मात्र तशीच गप्पा मारीत राहिली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतो. कीर्तनकारांना ही युक्ती पूर्वापार ठाऊक आहे; कथेचा शेवट श्रोत्यांना माहीत असतो, तरी माना पुढे झुकलेल्या असतात. हिंदीत हे तंत्र आम्हांला सर्वांत शुद्ध रूपात दिसले ते रामगोपाल वर्मा यांच्या ‘कौन’मध्ये (१९९९). एक घर, पाऊस, तीन माणसे, गाणे एकही नाही. ऊर्मिला मातोंडकर एकटी घरात आहे आणि दार वाजते. बस्स, एवढेच! त्यांचाच ‘भूत’ (२००३) आणखी एका कारणाने महत्त्वाचा. तोवर हिंदी भुते हवेल्यांत राहत असत. सामान्य गृहस्थाला हवेली परवडत नसल्यामुळे तो घरी जाऊन निर्धास्त झोपे. वर्मांनी भूत मुंबईतल्या उंच इमारतीच्या सदनिकेत आणले. लिफ्ट, वाहनतळ आणि चौकीदार यांच्यासह. तो चित्रपट पाहून आलेली माणसे लिफ्टमध्ये एकटी चढेनात, असे आमच्या एका मुंबईकर आप्तांनी कळविले होते.

रामसे बंधूंविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर वाचक रागावतील. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) पर्यंत या कुटुंबाने थोडक्या भांडवलात, सगळ्या भावांनी कामे वाटून घेऊन, गावोगावची चित्रपटगृहे भरविली. उद्योग म्हणून आम्हांला त्यांचा आदर आहे. रस म्हणून पाहिले तर तेथे बहुतांशी बीभत्सच आहे, आणि मित्रमंडळींबरोबर पाहिल्यास हास्यही. शिफारस करण्याचे कारण दिसत नाही; ज्यांना पाहावयाचे आहेत ते विचारावयास येत नाहीत.

येथवर भय कसे निर्माण होते ते पाहिले. आता जो मुद्दा आम्हांला खरोखरीच मांडावयाचा आहे तो असा की, भय कोणाचे वाटावयास लावले जाते?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीतली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी कोसळली. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली, डोळे फिरलेले. पुढे असे तीन-चार वेळा झाले. घरच्यांनी ‘बाहेरचे’ म्हणून तिला एका ठिकाणी अमावास्येला नेण्यास सुरुवात केली. तेथे धुरी देत, केस ओढीत, नाव विचारीत. सात-आठ महिने असे गेले. त्याहून वाईट वाटले ते वर्गाचे. तिच्या बाकावर कोणी बसेना. चांगल्या घरच्या, शिकलेल्या आईबापांच्या मुली मधल्या सुट्टीत तिचे पाय निरखून पाहत, उलटे होतात की काय म्हणून. हे त्यांना कोणी शिकविले होते? घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी नव्हे. आम्ही एकेकीला विचारले. सगळ्यांनी नावे सांगितली ती चित्रपटांची आणि मालिकांची. शेवटी आमच्या एका शिक्षिकेने मुलीच्या आईला बरोबर घेऊन डॉक्टर गाठला. अपस्मार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, झटके आवरले, मुलगी पुढल्या वर्षी दहावीला बसली. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला खरा. परंतु वर्गातल्या बाकावर कायदा बसू शकत नाही.

म्हणून अंगात आलेल्या मुलीचा चित्रपट आम्ही आता फार बारकाईने पाहतो. केस मोकळे, आवाज घोगरा, मान वाकडी. एवढ्या भांडवलावर शेकडो चित्रपट निघाले. १९७३ सालच्या ‘एक्झॉर्सिस्ट’ने या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा दिली. चित्रपट कसबी आहे, परंतु त्याच्या नकलांनी आजारी मुलीलाच राक्षस करून टाकले. या विषयावर तीन भारतीय चित्रपट मात्र असे आहेत की, ते आम्ही आवर्जून सुचवितो.

पहिला ‘गहराई’, १९८०. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचे दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकर यांचा सहभाग, आणि बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. एवढी मराठी नावे असूनही आपल्या मंडळींना हा चित्रपट फारसा माहीत नाही. बंगलोरमध्ये स्थिरावलेला, आपल्या विवेकबुद्धीचा अभिमान असलेला हा गृहस्थ गावची वडिलार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. थोड्याच दिवसांत त्याची मुलगी (पद्मिनी कोल्हापुरे) निराळ्याच आवाजात बोलू लागते. बोलते काय? तर त्या जमिनीची झालेली विटंबना, आणि बापाने पूर्वी त्याच गावात एका गरिबाच्या बायकोच्या बाबतीत केलेले पाप. डॉक्टर येतात, मांत्रिक येतात, कोणाचेच पुरे पडत नाही. या चित्रपटात मुलगी भयंकर नाही; मुलगी जे सांगते ते भयंकर आहे, आणि ते ऐकताना लागूंच्या चेहऱ्यावर जे उमटते ते त्याहूनही. ज्याने आपली गावाकडची जमीन विकली आहे त्याने हा चित्रपट एकट्याने पाहू नये, असे आम्ही अर्धवट थट्टेने म्हणतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी कोठे ना कोठे ती विकलेलीच आहे.

दुसरा मल्याळम भाषेतला ‘मणिचित्रताळ’, १९९३. दिग्दर्शक फाजिल. बंद खोली उघडते आणि घरात पूर्वी अन्यायाने मारलेल्या नर्तकीचा वावर सुरू होतो. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे मनोविकारतज्ज्ञ येतो आणि प्रेक्षकाला दाखवून देतो की, झपाटलेली स्त्री ही आजारी स्त्री आहे आणि तिचा पती तिला सोडणार नाही. याचे कन्नड रूप ‘आप्तमित्र’ (२००४) बेळगावकडच्या वाचकांनी पाहिले असेल. हिंदीत तोच ‘भूलभुलैया’ (२००७) झाला. उपचाराची पद्धत नाटकी आहे, कोणताही डॉक्टर ती मान्य करणार नाही. परंतु लाखो घरांत “हिला दवाखान्यात नेऊ या” हे वाक्य प्रथमच ऐकू गेले असेल, तर ते अशा चित्रपटामुळे. आणि मग २०२२ साली ‘भूलभुलैया २’ आला व त्यात भूत खरोखरीचेच निघाले! पंधरा वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही चित्रपटगृहातून उठून आलो.

तिसरा मराठी: विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, २०१७. गरोदर स्त्री (पूजा सावंत) उसाच्या फडामधल्या एका घरात आश्रयाला येते. दिवसाउजेडी, डोलणाऱ्या उसात भीती दाखविणे सोपे नाही. या दिग्दर्शकाने ते केले. फडात मुलांचे आवाज लपाछपी खेळतात. ती मुले कोण, हे कळते तेव्हा स्त्रीभ्रूणहत्येचा सारा इतिहास अंगावर येतो. उषा नाईक यांनी रंगविलेली म्हातारी हसते, पाणी देते, डोक्यावरून हात फिरविते, आणि तेथेच पोटात गोळा उठतो. फुरियांनीच पुढे याचा ‘छोरी’ (२०२१) नावाने हिंदी अवतार केला. मूळ पाहावा. मात्र घरात गरोदर सून वा लेक असेल तर तिच्यासमोर तो लावू नये, हे काही अंधश्रद्धेने सांगत नाही. साध्या शहाणपणाने सांगतो.

आपल्या घरांतली एक निराळीच हानी येथे नोंदविली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहताना आपण भाषा राखली, सण राखले, पुरणपोळी राखली. भुते मात्र गमावली. आमच्या आजीच्या गोष्टींत पिंपळावरचा मुंजा होता, विहिरीवरची हडळ होती, वाट चुकविणारा चकवा होता, खवीस होता, देणेकऱ्याच्या दाराशी येणारा समंध होता. प्रत्येकाचे राहण्याचे ठिकाण वेगळे, गाऱ्हाणे वेगळे. मुंज झाली आणि संसार पाहण्याआधीच जो मुलगा गेला तो मुंजा. त्याची भीती वाटे तशी कीवही येई. आमच्या शाळेतल्या मराठी मुलांना आज भूत काढावयास सांगितले तर ती इंग्रजी पद्धतीने चादर पांघरलेली आकृती काढतात. चादरीला कसले आले गाऱ्हाणे?

म्हणून २०२४ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला तेव्हा, तो हिंदीत असला तरी, आम्हांला बरे वाटले. कोकणातला पिंपळ, मुंज, आजी, सारे ओळखीचे. शेवटाकडे धावपळ फार होते, तरी दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन पाहण्याजोगा आहे. अमर कौशिक यांचा ‘स्त्री’ (२०१८) तर आमच्याच प्रदेशात, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या चंदेरीत घडतो. रात्री येणाऱ्या स्त्रीने परत जावे म्हणून भिंतीवर ‘उद्या ये’ अशा अर्थाचे लिहिण्याची त्यातली युक्ती मात्र कर्नाटकातली. तिकडे दारांवर ‘नाळे बा’ लिहिलेले असे. त्या गावात रात्री बाहेर पडण्याची भीती पुरुषांना वाटते, एवढ्या एका उलटापालटीनेच चित्रपट निम्मी बाजी मारतो. मराठीत हसवून भिववणारे ‘एक डाव भुताचा’ (१९८२) व ‘झपाटलेला’ (१९९३) आहेतच. दुसऱ्यातला रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू पाहून आमच्या भाचीने स्वतःची बाहुली माळ्यावर टाकली होती. वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६), काशीनाथ घाणेकर आणि आशा काळे यांचा, गाण्यांसाठी आणि त्या नरसूच्या भुतासाठी मोठ्या माणसांनी पुन्हा पाहावा.

‘तुंबाड’ (२०१८) लहान मुलांसाठी नव्हे, परंतु कॉलेजात जाणाऱ्यांनी चुकवू नये. राही अनिल बर्वे यांनी नारायण धारप यांच्या कथेतून प्रेरणा घेतली, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतले, आणि तो पाऊस खरा मिळावा म्हणून अनेक पावसाळे चित्रीकरण केले. सतत कोसळणाऱ्या पावसात भिजलेला तो वाडा पाहताना अंगावरच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. त्यात एक राक्षस आहे, परंतु भीती वाटते ती बापाबरोबर त्या विहिरीत उतरावयास शिकणाऱ्या लहान मुलाची. तो बापापेक्षा जलद शिकतो. हा चित्रपट २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी लोटली.

आता पाहण्याच्या रीतीसंबंधी. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर, बसमध्ये, कानात एकच तार घालून भयपट पाहणाऱ्यास भीती वाटली नाही तर दोष चित्रपटाचा नव्हे. ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा हिचकॉक यांचा चित्रपटगृहांना दंडक होता; घरीही तो पाळता येतो. घरातला मोठा पडदा घ्यावा, दिवे मालवावेत, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा. मुलांना झोपण्याच्या तोंडावर दाखवू नये. दिवेलागणीला सुरू करून जेवणापूर्वी संपवावा, म्हणजे पानावर बसून त्याविषयी बोलता येते. मूल भ्याले तर त्याला भित्रे म्हणून चिडवू नये, आणि “तसले काही नसते” म्हणून गप्पही करू नये. त्याला कशाची भीती वाटली ते विचारावे. ‘मुंज्या’ पाहून झाल्यावर तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मुंजाची गोष्ट मराठीतून सांगावयास लावावे. विजार-सदऱ्यातल्या आजोबांना एकदम पिंपळ आठवतो, विहीर आठवते, कोणा चुलत्याचे नाव आठवते, आणि ज्या गावाहून आपली मंडळी निघाली त्या गावाचा रस्ता ते बोटाने ताटाशेजारी काढून दाखवितात.